न्हाणीतल्या बेसिनसाठी कुठला दगड घ्यावा? (विहिरीचं पाणी, चिऱ्याची म्हणजे जांभ्या दगडाची भिंत)

अबोली
नमस्कार मंडळी. गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या घरातली आतली न्हाणी यंदा पूर्ण नवीन करायला काढलीय. जुन्या लाद्या उखडून झाल्या, पाइप बदलून झाले, आता मेस्त्री विचारतोय की बेसिनचा काउंटर कशाचा घालणार ते सांगा म्हणजे भिंतीत खाच मारायला घेतो, आणि इथे आमचं घरात एकमत होत नाहीय.

माप पाच फूट लांब आणि बावीस इंच रुंद. नवऱ्याला पांढरा मार्बल हवाय, त्याने कुठल्यातरी हॉटेलात बघितलाय आणि तेव्हापासून तोच डोक्यात आहे. सासूबाई म्हणतात कडप्पा घाला, स्वयंपाकघरात आपला कडप्पाच आहे ना इतकी वर्षं, काय झालं त्याला. दुकानदार क्वार्ट्झ क्वार्ट्झ करतोय, म्हणतो ताई आता सगळे हेच घेतात. मला स्वतःला असं काहीतरी हवंय जे रोज घासत बसावं लागणार नाही आणि पाच-सात वर्षांनीही बरं दिसेल.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. नळाचं पाणी येतं पण भरवशाचं नाही, त्यामुळे टाकीत बऱ्याचदा विहिरीचंच पाणी असतं आणि त्यात लोह आहे, बादलीच्या तळाला तांबूस थर बसतो. दुसरं म्हणजे न्हाणी सासूबाई पण वापरतात, त्यांचं खोबरेल तेल, पिंजरेची म्हणजे कुंकवाची डबी, केसांची मेंदी सगळं त्याच काउंटरवर राहणार. गणेश चवथीच्या आधी हे काम संपायला हवं, पाहुणे येणार. कुणी अनुभवी असेल तर मनापासून सांगा.

चिरेबंदी
ताई, मी साइटवर कामं करून घेतो, बार्देशात जास्त, पण तुमच्या भागातही केलीत. दगडाचा रंग बघायच्या आधी दोन गोष्टी सांगा. एक, ती न्हाणी कोण धुतं आणि कशाने धुतं? दोन, भिंत नुसती चिऱ्याची की आत काही काँक्रीट आहे?

पहिल्या प्रश्नावर अर्धा निर्णय अवलंबून आहे. बहुतेक घरांत टॉयलेट साफ करायची जी निळी नाहीतर हिरवी बाटली असते तीच बेसिनला, लादीला, काउंटरला सगळीकडे फिरते. त्यात हायड्रोक्लोरिक ऍसिड असतं. ज्या घरात ही बाटली आहे त्या घरात मार्बल घालू नका असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, मग तो कितीही महागाचा असू दे.

अबोली
भिंत पूर्ण चिऱ्याची, वर सिमेंटचं प्लास्टर. आणि हो, कामाला बाई येते ती त्याच बाटलीने धुते. तिला सांगून बघितलं पण तिचं म्हणणं की त्याशिवाय तांबूस डाग जात नाहीत, आणि ते खरंही आहे.

पातोळी
आमच्या पर्वरीच्या फ्लॅटमध्ये पांढरा क्वार्ट्झ आहे दोन्ही बाथरूमला. चार पावसाळे गेले, मला तरी काही त्रास नाही. ओल्या फडक्याने पुसलं की झालं, सील वगैरे काही करावं लागत नाही, हळदीचा डाग पडला होता तोही निघाला. फक्त मुलीने केस सरळ करायची इस्त्री गरम असतानाच त्यावर ठेवली होती तिथे एक पिवळट खूण राहिलीय ती काही जात नाही. पण आमच्याकडे पाणी असोणोड्याच्या प्लांटचं, विहीर नाही. त्यामुळे तुमच्या पाण्यावर कसं वागेल ते मी सांगू शकत नाही.

मास्तर_केपें
पातोळी, ती खूण जाणार नाही. क्वार्ट्झ म्हणून जे विकलं जातं ते नव्वद टक्क्यांच्या वर क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी पॉलिस्टर रेझिन, कारखान्यात दाबून बनवलेली पाटी. क्वार्ट्झला काही होत नाही पण रेझिन दीडशे अंशांच्या आसपास करपायला लागतं आणि केसांची इस्त्री दोनशेच्या घरात जाते. खाली काहीतरी जाड ठेवायची सवय लावा मुलीला. उन्हात पण हे रेझिन पिवळं पडतं, म्हणून खिडकीतून थेट ऊन येत असेल तर विचार करावा.

अबोली, मी निवृत्त शिक्षक, रसायन शिकवायचो, म्हणून जरा मुळापासून सांगतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मकराण्याचा असू दे, अंबाजीचा असू दे नाहीतर इटलीतल्या कराराचा, रसायन तेच. त्यावर ऍसिड पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि वरचा थर विरघळतो, झाला त्याचा चकाकीपणा खलास. त्याला डाग म्हणू नका, डाग निघतो, इथे दगडच गेलेला असतो. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, काही फेसवॉश सुद्धा, सगळ्यांनी हे होतं. कडकपणाही कमी, मोजपट्टीवर तीन, म्हणजे वाळूचा कण फडक्यात अडकला तरी ओरखडा उठतो कारण वाळू सात.

आता सासूबाईंचा कडप्पा. तो आंध्रातल्या कडपा भागातला काळा चुनखडकच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. शहाबाद आणि कोटा पण त्याच जातीचे. स्वयंपाकघरात तो टिकलाय कारण तिथे कुणी टॉयलेट क्लीनर ओतत नाही, आणि ओट्यावर मुळात चकाकी नसतेच, त्यामुळे आमसुलाने उठलेले फिकट ठिपके कुणाला दिसत नाहीत. न्हाणीत त्या बाटलीसमोर तो पांढुरका पडेल.

ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार. घरातल्या ऍसिडाने त्याला जवळपास काही होत नाही, कडकपणा सहा-सात. तुमच्या घरातल्या सवयी बदलणं कठीण, मग त्या सवयी झेलेल असा दगड घेणं सोपं.

मांडवीकाठ
मास्तर, तुमचं रसायन बरोबर, पण मार्बलची बाजू कुणीतरी घ्यायला हवी म्हणून लिहितोय, मला तो दगड फार आवडतो. जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्चमध्ये सेंट झेवियरच्या चांदीच्या पेटीखालचा चौथरा बघा, इटलीत कोरून आणलेला, १६९८ मध्ये पुरा झाला, इतक्या दमट हवेत उभा आहे आणि अजून बघत राहावंसा वाटतो. माझ्या बहिणीकडे पाहुण्यांच्या बाथरूमला पांढरा मार्बल आहे, पॉलिश न करता होन्ड फिनिश, म्हणजे मॅट. मॅटवर ऍसिडची खूण चकाकीवर दिसते तशी उठून दिसत नाही. ती सौम्य साबणाशिवाय काही लावत नाही आणि लगेच पुसते. सील करून घेतलं तर चालतं की.

मास्तर_केपें
मांडवीकाठ, तो चौथरा मी पण पोरांना नेऊन दाखवायचो. पण त्यावर रोज साबणाचं पाणी आणि टूथपेस्ट पडत नाही. बहिणीकडची न्हाणी पाहुण्यांची, तिथे मार्बल शोभतो, मी नाही म्हणणार नाही.

सीलबद्दल मात्र एक गैरसमज सगळीकडे आहे आणि दुकानदार तो दूर करत नाहीत. सीलर दगडाच्या छिद्रांत जाऊन बसतो आणि तेल-पाणी आत मुरणं लांबवतो. वरच्या पृष्ठभागाला तो ऍसिडपासून वाचवत नाही. सील केलेल्या मार्बलवर लिंबाचा थेंब टाका, खूण पडणारच. शिवाय मॅट फिनिश पॉलिशपेक्षा जास्त शोषतं, म्हणजे तुमच्या घरातलं खोबरेल तेल आणि पिंजर त्यात लवकर मुरणार. तेलाची बाटली तिन्हीत्रिकाळ एकाच जागी ठेवली की तिच्या बुडाची गोल गडद खूण मार्बलमध्ये आत उतरते. खाण्याचा सोडा पाण्यात घट्ट कालवून लेप लावायचा, वर प्लास्टिक चिकटवून रात्रभर ठेवायचं, असं दोन-तीनदा केलं तर ती फिकट होते. रोजच्या न्हाणीत हे कोण करत बसणार.

आणि लोहाचं. विहिरीच्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं तेव्हा पाणी स्वच्छ दिसतं, हवा लागली की त्याचा गंज बनतो आणि खाली बसतो, तोच तुमचा तांबूस थर. हा डाग काढायला ऑक्झॅलिक ऍसिड लागतं, ते ग्रॅनाइटवर बेताने चालतं, मार्बलवर लावलं की डागाबरोबर चकाकी पण जाते. म्हणजे लोहाचं पाणी आणि पांढरा मार्बल, डाग पडणार आणि काढताही येणार नाही. नवऱ्याला एवढं वाचून दाखवा.

काजूबी
धाग्याच्या विषयाला धरूनच आहे म्हणून लिहिते. क्वार्ट्झच्या पाट्या कापताना जी धूळ उडते ती छातीत जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने याच कारणाने १ जुलै २०२४ पासून इंजिनिअर्ड स्टोनवर बंदी घातली, कापणारी तरुण पोरं आजारी पडत होती म्हणून. आपल्याकडे कटिंग घराच्या अंगणातच चालतं, कोरडा ग्राइंडर, तोंडाला फार तर रुमाल. आमच्या वाड्यावर काम चाललं होतं तेव्हा कटिंग करणारा पोरगा असेल वीस-बावीसचा, भुवयांपासून हाताच्या केसांपर्यंत सगळा पांढरा, आणि तसाच जेवायला बसायचा. बघवत नव्हतं.

ग्रॅनाइटमध्ये पण सिलिका असतेच, साधारण चौथा-तिसरा हिस्सा, म्हणून तोही कोरडा कापू देऊ नका. कुठलाही दगड घ्या पण पाणी सोडून कापायला लावा, शक्यतो दगडविक्याच्या यार्डातच कापून घ्या, आणि चांगला मास्क आपण आपल्या पैशाने द्या. आपली न्हाणी सुंदर व्हावी म्हणून कुणाच्या फुप्फुसांचं वाटोळं होऊ नये.

चिरेबंदी
काजूबी, शंभर टक्के. मी ओल्या कटिंगशिवाय काम घेत नाही, आणि गिऱ्हाइकाने सांगितलं तर ठेकेदार ऐकतो, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा. यार्डातल्या मोठ्या मशीनवर कापलं तर कडा पण सरळ येतात.

अबोली ताई, तुमच्यासाठी ग्रॅनाइटच, पण कुठला ग्रॅनाइट ते महत्त्वाचं. आता लोक काळा घेतात, ब्लॅक गॅलेक्सी नाहीतर जेट ब्लॅक. ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चिमाकुर्तीचा, सोनेरी ठिपके असतात, दगड म्हणून एक नंबर, पाणी जवळपास पीत नाही. पण काळ्या चकाकीवर वाळलेल्या पाण्याचा प्रत्येक थेंब दिसतो, साबणाचा पांढरा आणि तुमच्याकडे वर लोहाचा पिवळट. रोज कोरडा पुसावा लागेल. पांढऱ्या ग्रॅनाइटची उलटी तऱ्हा, त्यातल्या काहींत मुळातच लोहाचे खडे असतात, पाणी मुरलं की दगड आतूनच गंजतो आणि पिवळे ढग उमटतात, वरून घासून काय होणार.

मधला रंग घ्या, बारीक दाणेदार. स्टील ग्रे आहे, टॅन ब्राउन आहे, तो तेलंगणातल्या करीमनगरचा, तपकिरी दाणे काळ्यात. आपल्या इलकलचा लालसर पण आहे, पण तो न्हाणीत जरा जड दिसतो असं माझं मत. लोहाच्या पाण्याला टॅन ब्राउन उत्तम, डाग पडला तरी दिसत नाही आणि खाली दगडाला काही होत नाही.

खर्चाचं पण सांगतो. वरची पाटी नऊ सव्वानऊ चौरस फूट, मागची चार इंची पट्टी आणि पुढची पट्टी धरून साधारण साडेबारा. एवढ्यासाठी अख्खी स्लॅब घ्यायची गरज नाही. यार्डात मोठ्या कामातून उरलेले तुकडे भिंतीला लावून ठेवलेले असतात, पाच-सहा फुटांचे चांगले मिळतात आणि दरही सोडतात. बेळगावला स्वस्त मिळतो म्हणून पुष्कळ जण जातात, पण एका न्हाणीसाठी पावसात चोर्ला घाटातून दगड आणायचा, तो वाटेत चिरला तर भरपाई कोण देणार, नको.

पेडण्याची_सून
काळा ग्रॅनाइट घेणाऱ्यांसाठी एक: कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश काढायचं ऍसिटोन घ्या आणि कोपऱ्यात घासा. कापूस काळा झाला तर तो करडा दगड रंगवून काळा म्हणून विकलाय. आम्ही तीन यार्डात घासलं, एका ठिकाणी बोळा काळाकुट्ट झाला आणि दुकानदार काही न बोलता दुसरी स्लॅब दाखवायला घेऊन गेला.

नॅनो व्हाइटचा विचार कुणाच्या मनात असेल तर तेही सांगते. ते काचेसारखं असतं, एकदम शुभ्र, डाग अजिबात पडत नाही हे खरं आहे. पण कडेचा टवका उडतो आणि उडालेला टवका परत पॉलिश होत नाही, आमच्या जाऊबाईंकडे तांब्याचा लोटा आपटला आणि पुढच्याच कडेला नखाएवढा तुकडा गेला. ज्या घरात तांब्या-लोटे चालतात तिथे नको.

आणि अबोली, बेसिन कुठलं घेतेस? वरती ठेवायचं वाडग्यासारखं घेत असशील तर सासूबाईंचा विचार कर. ते बेसिनच पाच-सहा इंच उंच असतं, काउंटर नेहमीच्या उंचीवर केला तर म्हाताऱ्या माणसाच्या कोपरातून पाणी खाली गळतं, माझ्या सासूचं तसं व्हायचं आणि त्या बिचाऱ्या रोज बाही भिजवून यायच्या.

अबोली
किती मदत करताय सगळे. बेसिन खालून बसवायचं ठरवलंय, अंडर काउंटर, पुसायला सोपं म्हणून. उंचीचं बघते.

मी एक केलं. म्हापशाच्या रस्त्यावरच्या यार्डातून चार दगडांचे तुकडे मागून आणले, पांढरा मार्बल, कडप्पा, काळा ग्रॅनाइट आणि टॅन ब्राउन, क्वार्ट्झचा छोटा नमुना दुकानदाराने दिला. मागच्या दारी विहिरीच्या पंपाजवळ ओळीने ठेवले आणि प्रत्येकावर पाच जागा केल्या: लिंबाचा थेंब, खोबरेल तेल, पिंजर ओल्या बोटाने, बाटलीतल्या क्लीनरचा थेंब, आणि एका कोपऱ्यावर विहिरीचं पाणी, ते वाळलं की परत टाकायचं.

क्लीनरचा थेंब मार्बलवर पडला तेव्हा अक्षरशः फसफसला, बारीक फेस आला. कडप्प्यावर पण फेस आला, जरा कमी. नवरा बाजूला उभा होता, तो काहीच बोलला नाही. मार्बलवरची लिंबाची जागा दहा मिनिटांनी पुसली तर समोरून बघितलं की काही दिसत नाही, पण तुकडा उचलून उजेडाकडे तिरका धरला की थेंबाएवढी गोल मंद जागा दिसते, बाकी सगळीकडे खिडकीचं प्रतिबिंब आणि तेवढ्या गोलात नाही. बोट फिरवलं तर तिथे किंचित खरबरीत लागतं. दोन्ही ग्रॅनाइटवर आणि क्वार्ट्झवर लिंबाने काहीच झालं नाही.

तेलाने मार्बलवर गडद ठिपका राहिला, पिंजरेने गुलाबी. टॅन ब्राउनवर तेल पुसलं की गेलं. विहिरीच्या पाण्याचा कोपरा मात्र सगळ्यांत बोलका निघाला. मार्बल आणि क्वार्ट्झ दोन्हीवर कडेकडेने चहाच्या कपासारखी तांबूस रिंग, क्वार्ट्झवरची घासल्यावर गेली, मार्बलवरची गेली नाही. काळ्यावर रिंग दिसते आणि पुसून जाते. टॅन ब्राउनवर मला शोधावी लागली.

नवरा म्हणाला ठीक आहे, ग्रॅनाइट. सासूबाईंना कडप्प्याचा फेस दाखवला, त्या म्हणाल्या स्वयंपाकघरात ती बाटली कुणी आणली तर बघा.

मास्तर_केपें
हे वाचून फार बरं वाटलं. असं करून बघितलं की मग कुणाच्या सांगण्यावर विसंबून राहावं लागत नाही. आता एक, टॅन ब्राउनच्या त्याच तुकड्यावर साध्या पाण्याचा मोठा थेंब पंधरा मिनिटं ठेवा. खालचा दगड गडद झाला तर सीलर लावून घ्या, झाला नाही तर त्याला सीलरची गरज नाही, कुणी कितीही सांगू दे.

मांडवीकाठ
मला एक वेगळंच विचारायचंय, हसू नका. घर चिऱ्याचं आहे तर चिऱ्याचाच काउंटर केला तर? बॉम जेझूसच्या उघड्या चिऱ्याच्या भिंती काय सुंदर दिसतात.

चिरेबंदी
हसायचं काय त्यात, हल्ली बरेच जण विचारतात. चिरा स्पंजासारखा पाणी पितो, त्यात छिद्रंच छिद्रं. बॉम जेझूसचं प्लास्टर १९५० च्या दशकात काढलं आणि तेव्हापासून तो चिरा आपल्या ३००० मिलिमीटर पावसात उघडा आहे, जाणकार लोक त्याचीच काळजी करताहेत. बेसिनजवळ चिरा घातला तर साबण आत मुरून शेवाळ धरेल. एका कोरड्या भिंतीला चिरा उघडा ठेवा, फार छान दिसतो, काउंटरला नको.

ताई, आता तुमच्या मेस्त्रीला हे वाचून दाखवा. चिऱ्याच्या भिंतीत फास्टनर मारून ब्रॅकेट लटकवू नका, चिरा मऊ, फास्टनर फुगला की आजूबाजूचा चिरा भुगा होतो आणि दोन पावसाळ्यांत काउंटर पुढे झुकतो. मागच्या आणि दोन्ही बाजूच्या भिंतीत दीड-दोन इंच खोल खाच मारा, पाटी त्यात आत सारून सिमेंटच्या मालाने भरा. मध्ये एक कडप्प्याचा उभा पाय द्या, तिथे कडप्पा चालेल, त्यावर कोण ऍसिड ओतणार नाही. पाच फुटांची पाटी, मध्ये बेसिनचं भोक, आधार हवाच.

खाली प्लायचं कपाट करू नका. करायचंच असेल तर आयएस ७१० चा मरीन प्लाय आणि तोही जमिनीपासून वर उचललेला, नाहीतर पीव्हीसी बोर्ड. मी तर सांगेन खाली उघडंच ठेवा, आपल्या जुलैत बंद कपाटात बुरशी येतेच आणि पाइप गळला तर कळत पण नाही.

बेसिनचं भोक कापताना आतले कोपरे गोल ठेवायला लावा. काटकोनात कापलं की तडा तिथूनच सुरू होतो. बेसिनच्या पुढे कमीत कमी तीन इंच दगड राहू दे. पाटी आणताना उभीच आणायची, आडवी ठेवून आणली तर भोकाजवळ मोडते. आणि भोकाची कापलेली कड आणि पाटीची खालची बाजू, तिथे पॉलिश नसतं, पाणी तिथूनच आत शिरतं आणि मग बेसिनभोवती कायम ओला-ओला गडद पट्टा दिसतो. वरून थेंब मुरला नाही तरी कडेला आणि खालून सीलर लावाच.

पुढची कड हाफ राउंड करा, सासूबाईंचा हात लागतो तिथे टोकदार नको. आणि कडेच्या खालच्या अंगाला, अर्धा इंच आत, ग्राइंडरने एक बारीक सरळ खाच ओढून घ्या, म्हणजे वरचं पाणी पाटीखालून मागे न धावता तिथेच खाली पडतं. पाच मिनिटांचं काम आहे पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

पेडण्याची_सून
अंडर काउंटर असेल तर वरची पातळी ३२-३३ इंच, त्याहून वर नको. सासूबाईंना प्रत्यक्ष उभं करून भिंतीवर पेन्सिलने खूण करून घे.

मास्तर_केपें
शेवटचं पण सगळ्यांत महत्त्वाचं. काम संपलं की लादीवरचं सिमेंट काढायला मेस्त्री लोक ऍसिडने धुतात. ग्रॅनाइट निभावेल, पण बंद न्हाणीत त्याच्या वाफेने नवीन नळांचं क्रोम काळवंडतं आणि कामगाराच्या घशाला आग होते ती वेगळीच. खिडकी-दार उघडं, नळ प्लास्टिकने बांधलेले, आणि भरपूर पाणी, नाहीतर ते धुणं नळ लावायच्या आधीच उरकून घ्यायला सांगा.

अबोली
थेंब पंधरा मिनिटं ठेवला, दगड गडद झाला नाही. म्हणजे वरून सीलर नाही, फक्त कडा आणि खालची बाजू. टॅन ब्राउनचा साडेपाच फुटी तुकडा यार्डात मिळाला, ओला कापून देतो म्हणालेत, दोन्ही बाजूंनी खाचेत जायला लांबी पुरते हे पण मोजून घेतलं. कटिंग करणाऱ्या दोघांसाठी मास्क घेऊन ठेवलेत. सासूबाईंना उभं करून खूण केली, काउंटरची उंची बत्तीस इंचांवर आली.

दोनच प्रश्न राहिले. बेसिन आणि दगडाच्या मधे कुठलं सिलिकॉन? आणि नळाचं भोक आत्ताच पाडून घेऊ का, नळ अजून घेतलेला नाही.

चिरेबंदी
सिलिकॉन बुरशीरोधक सॅनिटरी घ्या, पाकिटावर न्यूट्रल लिहिलेलं. उघडल्यावर व्हिनेगरचा वास येतो ते नको, त्यातून ऍसिड सुटतं, मार्बलला तर ते खातंच, ग्रॅनाइटला चालतं पण घेतोय तर चांगलंच घ्यावं. बेसिनचं वजन मात्र सिलिकॉनवर सोडू नका, खालून क्लिप किंवा दगडाच्या पट्टीचा टेकू द्या, पाण्याने भरलं की ते बरंच जड होतं.

नळ आधी विकत घ्या आणि यार्डात घेऊन जा. सिंगल लिव्हरला साधारण ३५ मिलिमीटरचं भोक लागतं, पण काहींना थोडं वेगळं, आणि नळाची मान बेसिनच्या कितपत आत येते त्यावर भोक मागे-पुढे करावं लागतं. मागच्या पट्टीपासून लिव्हर पूर्ण मागे ढकलला तरी भिंतीला लागत नाही एवढी जागा सोडा. बेसिन पण बरोबर न्या, त्याच्या खोक्यातला कागदी साचा प्रत्यक्ष बेसिनवर ठेवून ताडून बघा आणि मगच दगडावर आखायला सांगा. मेस्त्रीला आज खाच मारायला सांगितलंत तरी चालेल, बत्तीस इंचातून दगडाची जाडी वजा करून खाचेची खालची रेघ आखा.